पूल म्हातारा होतो, लोखंड नाही!

कल्याण-डोंबिवलीच्या मुलांना पत्रीपूल माहीत नाही, असं होणारच नाही. कल्याण-शीळ रस्ता रेल्वेच्या रुळांवरून जातो तिथला हा पूल. आज तुम्ही रिक्षानं किंवा बसनं ज्याच्यावरून जाता तो नवा आहे, २५ जानेवारी २०२१ रोजी सुरू झालेला. त्याआधी तिथे इंग्रजांच्या काळातला, १९१४ साली बांधलेला लोखंडी पूल होता. शंभरी उलटल्यावर तो वाहतुकीला धोकादायक ठरला. मग १८ नोव्हेंबर २०१८ रोजी, रविवारचा दिवस बघून, लोकल गाड्या काही तास थांबवल्या, मोठाल्या क्रेन आणल्या आणि तो पूल उतरवला.

आता मला सांगा, एवढा थोरला पूल मोडला की त्याच्या लोखंडाचं करायचं काय? कचऱ्याच्या डोंगरावर टाकून द्यायचं? छे, छे! रेल्वे असं जुनं लोखंड लिलावात विकते. जुने रूळ, मोडके डबे, झिजलेली चाकं, गर्डर, सगळ्याला गिऱ्हाईक असतं. नुसत्या रुळाचंच बघा. आपल्याकडच्या मार्गांवर जो जाड रूळ वापरतात, त्याच्या एक मीटर तुकड्याचं वजन ६० किलो भरतं! गावाकडच्या कितीतरी शाळांत घंटा म्हणून रुळाचाच तुकडा टांगलेला असतो. ठण्ण् करून वाजतो तो. रेल्वेतून निवृत्त झाला आणि शाळेत नोकरीला लागला म्हणा ना!

पण बहुतेक जुनं लोखंड घंटा होत नाही. ते वितळतं आणि पुन्हा नवंकोरं होतं. कसं? चला, त्याच्या मागोमाग जाऊ.

पूल थकतो म्हणजे काय होतं?

लोखंडाच्या पुलाला दोन शत्रू. पहिला गंज. पाणी आणि हवेतला ऑक्सिजन मिळून लोखंडाला गाठतात आणि त्याचं तांबूस भुकटीत रूपांतर करतात. ठाण्या-कल्याणकडे तर चार महिने धो धो पाऊस, वर शेजारी खाडी आणि तिची खारी हवा. गंजाला आणखी काय हवं?

दुसरा शत्रू दिसतच नाही. पुलावरून रोज हजारो गाड्या जातात. प्रत्येक गाडीबरोबर लोखंड किंचित वाकतं आणि पुन्हा सरळ होतं. वर्षानुवर्षं असं झालं की आतमध्ये अगदी बारीक भेगा पडू लागतात. इंजिनिअर मंडळी याला धातूचा थकवा म्हणतात.

पण गंमत बघा. थकला तो पूल. ज्या अणूंचं लोखंड बनलंय, ते अणू थकत नाहीत, झिजत नाहीत. १९१४ सालचा लोखंडाचा अणू आणि आजचा लोखंडाचा अणू यांत कुणालाही फरक सांगता येणार नाही. १५३८ अंश सेल्सिअसला लोखंड वितळलं की जुन्या भेगा, जुने वाक, जुना आकार सगळं पुसलं जातं आणि अणू नव्यानं रांगा लावायला मोकळे होतात. कागदाचं असं नसतं. तो पुन्हा पुन्हा लगद्यात घातला की त्याचे धागे तुटून आखूड होत जातात. लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम मात्र कितीही वेळा वितळवा, धातू तो धातूच.

आधी ओळख, मग वजन

तुमच्या सोसायटीत भंगारवाले काका येतात ना? त्यांच्या हाताकडे एकदा नीट लक्ष द्या. आईनं जुना नळ, पंख्याचं पातं, मोडका स्टोव्ह आणि कसलीशी कडी पुढे केली की काका आधी वजनकाटा काढत नाहीत. आधी ते वस्तू ओळखतात.

पहिली परीक्षा चुंबकाची. चिकटलं तर लोखंड किंवा पोलाद. नाही चिकटलं तर मग रंग, वजन आणि आवाज. तांबूस असेल तर तांबं, पिवळसर असेल तर पितळ. हातात घेतल्यावर अपेक्षेपेक्षा हलकं लागलं तर ॲल्युमिनियम, चांगलंच जड आणि नखानं ओरखडा उठेल इतकं मऊ असेल तर शिसं. वरून सोनेरी दिसणाऱ्या वस्तूवर कानस फिरवायची. आत पांढुरकं दिसलं की समजायचं, पितळेचा नुसता मुलामा होता!

पोलादाचा प्रकार ओळखायची युक्ती तर फारच सुंदर आहे. वस्तू ग्राइंडरच्या फिरत्या चाकाला टेकवतात आणि ठिणग्या बघतात. साध्या पोलादाच्या ठिणग्या लांब आणि पिवळ्या-पांढऱ्या निघतात. पोलादात कार्बन जास्त असेल तर त्या ठिणग्यांना फाटे फुटतात. बिडाच्या ठिणग्या आखूड आणि लालसर. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम यांच्या ठिणग्या उडतच नाहीत. हे काम सरावलेल्या माणसालाच जमतं, आणि भंगाराच्या धंद्यात अशी माणसं असतात. शाळेच्या प्रयोगशाळेत न शिकलेलं धातुशास्त्र त्यांच्या डोळ्यांत आणि बोटांत असतं.

तुम्ही म्हणाल, एवढी चौकशी कशाला? सगळंच वितळवायचंय ना? थांबा. याचं उत्तर पुढे येणार आहे, आणि तीच या लेखातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे.

राक्षसी हात आणि लोखंडी पंजे

काकांची हातगाडी भंगाराच्या दुकानात रिकामी होते, तिथून माल टेम्पोनं मोठ्या गोदामात जातो. मुंब्रा, दिवा, शीळफाटा या पट्ट्यात अशी भंगाराची गोदामं आहेत. वागळे इस्टेट आणि डोंबिवली एमआयडीसीतल्या कारखान्यांतून निघणारा मालही असाच गोदामात येतो. लेथवर कातताना पडलेलं कुरळं 'टर्निंग', प्रेसमधून उरलेला भोकाभोकांचा पत्रा, बाद झालेले सुटे भाग. ट्रक आधी वजनकाट्यावर भरलेला उभा राहतो, मग रिकामा. दोन्ही वजनांतला फरक म्हणजे माल.

आता एवढा ढीग हातानं कोण हलवणार? इथे यंत्रं येतात.

पोकलेन तुम्ही रस्त्याच्या कामावर पाहिलंच असेल. त्याच्या हाताला मातीची बादली असते. भंगारासाठी ती काढून तिथे 'ग्रॅब' लावतात, म्हणजे चार-पाच टोकदार पाकळ्यांचा पंजा. पाकळ्या उघडल्या, ढिगात घुसल्या, मिटल्या, की वाकडेतिकडे पाइप, सायकलींचे सांगाडे, कपाटांचे पत्रे एकदम वर! या पंज्यात एवढं बळ येतं ते तेलाच्या दाबातून. बंद नळीतल्या तेलावर एका ठिकाणी दाब दिला की तो दाब तेलात सगळीकडे सारखा पोचतो. हे फ्रान्सच्या ब्लेझ पास्कलनं सतराव्या शतकात सांगितलं. समजा एका बाजूचा दट्ट्या १० चौरस सेंटिमीटरचा आहे आणि दुसऱ्या बाजूचा १००० चौरस सेंटिमीटरचा. लहान दट्ट्यावर जितका जोर द्याल, त्याच्या १०० पट जोर मोठ्या दट्ट्यावर मिळतो. फुकट मात्र काही मिळत नाही बरं! मोठा दट्ट्या एक सेंटिमीटर हलायला लहान दट्ट्या १०० सेंटिमीटर ढकलावा लागतो.

याच जोरावर 'बेलिंग प्रेस' चालतो. पेटीत पत्रे, डबे, तारा टाकायच्या. तिच्या भिंती आत सरकतात. कड्कड्कड् आवाज होतो आणि बाहेर येतो एक चौकोनी गठ्ठा. सुट्या पत्र्यांनी आख्खा ट्रक भरला तरी त्यात बहुतेक हवाच असते. गठ्ठे केले की तोच ट्रक लोखंड वाहतो, हवा नाही.

आणि गॅस कटर? त्याच्याबद्दल तर मोठ्या माणसांनाही एक गोष्ट माहीत नसते. आपल्याला वाटतं, कटर लोखंड वितळवून कापतो. खरं म्हणजे तो लोखंड जाळून कापतो! आधी ज्योतीनं लोखंड लालभडक करतात, मग त्यावर शुद्ध ऑक्सिजनचा जोरदार झोत सोडतात. त्या झोतात लोखंड पेट घेतं आणि जळालेला भाग उडून जातो. जुन्या पुलाचे गर्डर, जहाजांचे पत्रे असेच कापतात. म्हणूनच हा कटर स्टेनलेस स्टीलवर आणि ॲल्युमिनियमवर चालत नाही. त्यांच्यावर ऑक्साइडचा असा चिवट थर तयार होतो, की तो खालच्या धातूला जळूच देत नाही.

बटणावर चालणारं चुंबक

मला स्वतःला सगळ्यात आवडतं ते यंत्र म्हणजे क्रेनला टांगलेलं चुंबक. दिसायला नुसती जाड, गोल, लोखंडी तबकडी. ऑपरेटर बटण दाबतो आणि ढिगातले नटबोल्ट, सळया, पत्रे खण्खण् उडून तिला चिकटतात. क्रेन वळते, तबकडी ट्रकवर येते, बटण बंद, आणि सगळा माल धडाम्!

तबकडीच्या आत तारेचं मोठं वेटोळं असतं. तारेतून वीज वाहिली की तिच्याभोवती चुंबकत्व तयार होतं, हे डेन्मार्कच्या ओर्स्टेडनं १८२० साली दाखवून दिलं. त्यानंतर पाचेक वर्षांत इंग्लंडच्या विल्यम स्टर्जननं लोखंडाच्या वाकवलेल्या कांबीवर तार गुंडाळली आणि विद्युतचुंबक बनवलं. ती कांब होती जेमतेम २०० ग्रॅमची आणि तिनं सुमारे ४ किलो वजन उचललं! हा स्टर्जन लहानपणी चांभाराकडे काम शिकत होता, मग सैन्यात गेला आणि विज्ञान शिकला ते स्वतःच्या हिमतीवर.

या चुंबकाच्या काही खोड्या आहेत. सलग ठोकळा ते जितका उचलतं, त्याच्या मानानं सुटं भंगार फारच थोडं उचलतं, कारण तुकड्यांच्या मधल्या हवेत चुंबकत्वाचा जोर कमी पडतो. वीज बंद केली तरी थोडं चुंबकत्व मागे रेंगाळतं, म्हणून क्षणभर उलट्या दिशेनं वीज सोडून चिकटलेले तुकडे पाडावे लागतात. आणि ७७० अंशांच्या वर तापलेलं लोखंड चुंबकाला मुळी दादच देत नाही! तेवढ्या उष्णतेत लोखंडाचं चुंबकत्व हरवून जातं. चालू चुंबकाखाली मात्र कुणीही कधीही उभं राहत नाही. वीज गेली तर काय होईल, ते तुम्हीच सांगा.

मग ॲल्युमिनियमचं काय? ते तर चुंबकाला चिकटत नाही. मोठ्या कारखान्यांत त्यासाठीही युक्ती आहे. सरकत्या पट्ट्याच्या टोकाला एक ढोल असतो आणि त्याच्या आत चुंबकं गरागरा फिरत असतात. फिरत्या चुंबकांमुळे ॲल्युमिनियमच्या डब्यात क्षणभर विजेचे भोवरे उठतात, तो डबा स्वतःच छोटं चुंबक बनतो आणि पट्ट्यावरून टुणकन पुढे उडी मारतो. प्लॅस्टिक आणि काच मात्र गुपचूप खाली पडतात.

तांब्याचा एक तुकडा

आता मघाशी राहिलेला प्रश्न. एवढी वर्गवारी कशासाठी?

गोदामातून निघालेलं लोखंड भट्टीत जातं. आपल्या राज्यात जालना हे शहर यासाठी प्रसिद्ध आहे. भंगार वितळवून इमारतींच्या सळया बनवणारे कितीतरी कारखाने तिथे आहेत. अशा कारखान्यांत बहुधा इंडक्शन भट्टी असते. तुमच्या स्वयंपाकघरात इंडक्शनची शेगडी असेल, तर तिचंच हे थोरलं भावंड. जाळ नाही, निखारा नाही. भोवतीच्या वेटोळ्यातून वीज फिरते, त्यामुळे भंगाराच्या आतच विजेचे भोवरे उठतात आणि लोखंड आपलं आपण तापून वितळतं.

रस झाला की त्यातली घाण वर तरंगते. ती काढून टाकतात. तिला मळी म्हणतात. पण समजा, भंगारात पंख्याची एक मोटर तशीच गेली. तिच्या आत असते तांब्याची तार. सिलिकॉनसारखे पदार्थ लोखंडाच्या आधी ऑक्सिजनला धरतात आणि मळीत निघून जातात. तांब्याला ऑक्सिजनची तेवढी ओढ नसते. ते रसातच मिसळून बसतं आणि मग काही केल्या बाहेर निघत नाही.

पुढे त्या पोलादाची सळई लाटायची म्हणून ते लालबुंद तापवतात. वरचं थोडं लोखंड हवेत जळतं, तांबं मागे उरतं आणि साठत जातं. तांबं वितळतं १०८५ अंशांना. सळई लाटतात तीही साधारण तेवढ्याच उष्णतेत किंवा त्याहून जास्त. म्हणजे बाहेरून घट्ट दिसणाऱ्या पोलादाच्या कणाकणांमध्ये पातळ तांबं शिरतं, आणि लाटताना पोलादाला भेगा पडतात!

आलं लक्षात? पोकलेन कितीही ताकदीचं असो, प्रेस कितीही मोठा असो, मोटरीतलं तांबं वेगळं काढणारा माणूस चुकला तर पुढचं पोलाद बिघडतं. भंगाराच्या धंद्यात ताकद यंत्रांची असते, पण पोलादाचा दर्जा ठरतो तो ओळखणाऱ्या माणसामुळे.

आणि या कामानं वाचतं किती? केंद्र सरकारच्या २०१९ च्या पोलाद भंगार धोरणात हिशेब दिला आहे. एक टन भंगार वापरलं की १.१ टन लोहखनिज, ६३० किलो दगडी कोळसा आणि ५५ किलो चुनखडी वाचते. ॲल्युमिनियमचं तर विचारूच नका! खनिजापासून ते बनवायला जेवढी ऊर्जा लागते, त्यातली सुमारे ९५ टक्के ऊर्जा भंगार वितळवलं की वाचते.

जहाजाची झाली मोटारसायकल

भंगाराचं पुढे काय होतं, याची एक नामांकित गोष्ट आपल्या मुंबईतच घडली. 'आयएनएस विक्रांत' ही भारताची पहिली विमानवाहू युद्धनौका. १९६१ साली ती नौदलात आली आणि १९७१ च्या युद्धात लढली. १९९७ साली ती निवृत्त झाली. काही वर्षं ती मुंबईत तरंगतं संग्रहालय म्हणून उभी होती. पण तिचं जुनं शरीर सांभाळणं अवघड होत गेलं आणि २०१४ मध्ये ती मोडीत निघाली. दारूखान्याला, जिथे जुनी जहाजं तोडतात, तिथे तिचे पत्रे कापले गेले. त्यातलं थोडं लोखंड बजाज कंपनीनं विकत घेतलं, वितळवलं आणि २०१६ साली आलेल्या 'बजाज व्ही' या मोटारसायकलीत वापरलं. म्हणजे ज्या लोखंडावरून लढाऊ विमानं उडाली, तेच लोखंड आता कुणाला तरी रोज कामावर सोडायला जात असेल!

करून बघा

साहित्य: बोटाएवढ्या लांबीचा लोखंडी खिळा किंवा बारीक बोल्ट, दोन मीटरभर लाखेचा मुलामा दिलेली तांब्याची तार (मोटर वाइंडिंगच्या दुकानात मिळते), दीड व्होल्टचा एक सेल, टाचण्या.

तारेची दोन्ही टोकं पॉलिश पेपरनं घासून चकचकीत करा. मधली तार खिळ्यावर एकाच दिशेनं २५ वेळा गुंडाळा. टोकं सेलला लावा आणि खिळा टाचण्यांजवळ न्या. किती टाचण्या उचलल्या ते लिहून ठेवा. मग ५० वेढे घ्या आणि पुन्हा मोजा. सेल काढल्यावर एखादी टाचणी चिकटून राहते का तेही बघा. तसं झालं तर क्रेनच्या चुंबकाची खोडी तुमच्या घरात दिसली!

एका वेळी पाच-सात सेकंदांपेक्षा जास्त वेळ तार जोडून ठेवू नका, ती तापते. आणि घरातल्या प्लगला ही तार चुकूनसुद्धा लावायची नाही.

एवढं मात्र सांभाळा

भंगार म्हणजे खेळणं नाही. अनोळखी, सगळीकडून बंद असलेली वस्तू कधीही फोडू किंवा उघडू नका. बंद डब्यात किंवा सिलिंडरमध्ये थोडं जरी पाणी राहिलं आणि तो भट्टीत गेला, तर त्या पाण्याची वाफ होऊन ते एका क्षणात हजार-दीड हजार पटींहून जास्त जागा मागतं. म्हणजे स्फोटच! म्हणून आपल्याकडच्या पावसाळ्यात भट्टीवाले ओल्या मालाला फार जपतात. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एक जुनं शास्त्रीय उपकरण तोडलं गेलं. त्यात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ होता. तिथले काही कामगार आजारी पडले आणि एकाचा जीव गेला. त्यांची काहीच चूक नव्हती. ती वस्तू काय आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

वस्तू फेकणाऱ्यानं ती ओळखून, सांगून द्यायची, हे म्हणूनच आपलं काम आहे. घरात तीन खोकी ठेवा. चुंबक घेऊन जुन्या वस्तू तपासा. चिकटणाऱ्या एकीकडे, न चिकटणाऱ्या दुसरीकडे. सेल, बॅटऱ्या, ट्यूबलाइट आणि बिघडलेले मोबाइल तिसरीकडे. हे शेवटचं खोकं भंगारात द्यायचं नाही, ई-कचरा गोळा करणाऱ्या केंद्रात द्यायचं. तांब्यासाठी वायर जाळायची तर मुळीच नाही, तिच्या प्लॅस्टिकचा धूर विषारी असतो. पत्र्याच्या कडा हाताला लागतात, म्हणून मोठ्या माणसाला बरोबर घ्या. आणि भंगारवाले काका आले की त्यांना एक प्रश्न जरूर विचारा, "काका, हे तुम्ही कसं ओळखलंत?"

काकांनी काय सांगितलं आणि तुमच्या खिळ्यानं किती टाचण्या उचलल्या, ते आम्हाला नक्की लिहून पाठवा!